घोड्यावर बसण्याआधी

ग्रँट डफच्या मराठ्यांच्या इतिहासात थोरल्या बाजीरावाची एक गोष्ट आहे. हा इतिहास १८२६ साली छापला गेला. बाजीरावाचे नाव गाजू लागले तेव्हा निजामाने आपल्या चित्रकाराला मराठ्यांच्या छावणीकडे पाठवले आणि बजावले, की पेशवा तुला पहिल्यांदा ज्या अवस्थेत दिसेल त्याच अवस्थेत तो काढून आण. चित्रकाराने आणलेल्या चित्रात बाजीराव साध्या स्वारासारखा घोड्यावर बसलेला होता. घोड्याच्या आगाडी-पिछाडीच्या दोऱ्या तोबऱ्यात कोंबलेल्या, भाला खांद्यावर टेकवलेला, आणि दोन्ही तळहातांत जोंधळ्याची कणसे चोळून दाणे खाणे चाललेले.

शाळेपासून आपण ही गोष्ट ऐकतो ती बाजीरावाचा साधेपणा आणि चिवटपणा कळावा म्हणून. ते बरोबरच आहे. पण मला या चित्रात नेहमी आणखी एक गोष्ट दिसते. दोन्ही हात कणसांत गुंतलेले आहेत. म्हणजे लगाम घोड्याच्या मानेवर सैल पडलेला असणार. भालाही हाताने धरलेला नाही, नुसता खांद्यावर तोललेला आहे. मग हा माणूस घोड्यावर कशाच्या आधाराने बसला आहे? प्रसंग घडला तसाच घडला की सांगणाऱ्याने रंगवला, हे इतिहासकारांनी पाहावे. पण ज्याने तो सांगितला त्याला स्वार घोड्यावर कसा बसतो हे पक्के ठाऊक होते.

मराठीत त्यासाठी एक शब्द आहे, मांड. मांड घट्ट, मांड पक्की, मांड ठोकून बसला, असे आपण अजून बोलतो, आणि बोलताना घोडा आठवत नाही. घोड्याशी संबंधित आपले बहुतेक शब्द फारसी-अरबीतून आले आहेत. स्वार, जीन, लगाम, रिकीब, नाल, चाबूक, पागा हे सगळे तिकडचे. खोगीरसुद्धा. फारसीत 'खोय' म्हणजे घाम आणि 'गीर' म्हणजे धरणारा. घोड्याचा घाम धरून ठेवते ते खोगीर. त्यात चिंध्या, लोकर, जे मिळेल ते भरत, म्हणून 'खोगीरभरती' हा शब्द आला, आणि तो आज साहित्य संमेलनांच्या चर्चेतही उपयोगी पडतो! पण मांड हा शब्द कुठून आणावा लागला नाही. सरंजाम बाहेरून येऊ शकतो, पण मांडी ज्याची त्यालाच कमवावी लागते.

माथेरानला किंवा महाबळेश्वरला जाऊन जे हौसेने घोड्यावर बसले असतील त्यांना मी काय म्हणतो ते चटकन कळेल. घोडेवाला लगाम धरून पुढे चालतो, आपण वर बसतो, तासाभराने उतरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठताना दुखते काय? हात नाही, खांदे नाहीत. दुखतात त्या मांड्यांच्या आतल्या बाजू, कंबर आणि पोट. मीही हे भोगले आहे, आणि कवीला त्यावर कविता सुचत नाही एवढेच सांगतो.

याचे कारण साधे आहे. घोडा चालतो तेव्हा त्याची पाठ एकाच वेळी पुढे-मागे, वर-खाली आणि डावीकडे-उजवीकडे हलत असते. आपण पायी चालताना आपली कंबर जशी हलते, जवळजवळ तशीच ती स्वाराची कंबर हलवते. कंबर त्या लयीत गेली तर स्वार स्थिर दिसतो. कंबर आखडली तर प्रत्येक पावलाला धक्का बसतो. घोडा दुडकी धरतो तेव्हा तर विचारूच नका. कमकुवत पोटाचा माणूस मागे झुकतो, तोल सावरायला लगाम ओढतो, आणि त्या लगामाचे लोखंडी कडियाळे घोड्याच्या तोंडात असते. शिवाय प्रत्येक पावलाला साठ-सत्तर किलोचे ओझे जनावराच्या पाठीवर आदळत राहते. म्हणजे स्वाराच्या कमरेत बळ नसेल तर त्याची किंमत आधी घोडा मोजतो.

इथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. मांड म्हणजे चिमटा नव्हे. मांड्या सतत आवळून धरल्या तर स्वार खोगिरावरून उलट वर ढकलला जातो आणि लवकर दमतो. पोटाचे खोलवरचे स्नायू, कण्यालगतचे स्नायू आणि मांड्यांच्या आतल्या बाजूचे स्नायू एकत्र काम करतात, तेव्हा बसणे सहज होते. पकड लागेल तेव्हा घट्ट आणि एरवी सैल ठेवायची. आजच्या व्यायामशाळेत याला 'कोअर' म्हणतात आणि त्यासाठी मोठाले रबरी चेंडू विकत मिळतात.

ही समज जुनी आहे. ग्रीक सेनानी झेनोफनने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घोडेस्वारीवर एक लहानसा ग्रंथ लिहिला. त्याच्या काळी ग्रीसमध्ये रिकीब नव्हती आणि खोगीरही नव्हते. स्वाराने खुर्चीत बसल्यासारखे न बसता पाय फाकून ताठ उभे राहिल्यासारखे असावे आणि कमरेवरचे अंग लवचिक ठेवावे, असे तो सांगतो. रोमन लोकांच्या सैनिकी शिक्षणाबद्दल लिहिणारा वेजेशियस लाकडी घोड्यांची हकिकत देतो. नवशिके त्यांच्यावर आधी निःशस्त्र आणि मग शस्त्रांसह, उजवीकडून आणि डावीकडून उड्या मारून चढत. कैरोच्या ममलूक सुलतानांकडेही असेच होते. त्यांच्याकडे घोडेस्वारीच्या विद्येला फुरुसिया म्हणत, अरबीतल्या 'फरस' म्हणजे घोडा या शब्दावरून. शिकाऊ पोराला जिवंत घोडा देण्याआधी लाकडाच्या किंवा मातीच्या घोड्यावर चढण्या-उतरण्याचा सराव करावा लागे. ऑलिंपिकमधल्या जिम्नॅस्टिक्समध्ये जो 'घोडा' असतो तो या लाकडी घोड्यांचाच वंशज. त्याच्या पाठीवरच्या दोन कड्या म्हणजे खोगिराच्या पुढच्या-मागच्या उंचवट्यांची आठवण.

लाकडी घोडा सगळीकडे आढळतो. आपल्याकडे मात्र लाकडाचा खांब आला, आणि तो उभा!

मल्लखांब मुळात कुस्तीसाठी, हे आधीच सांगतो, नाहीतर वस्ताद मंडळी मला सोडणार नाहीत. नावातच मल्ल आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख सापडतो. त्याच ग्रंथात राजाने घोड्यावर बसून चेंडू खेळण्याच्या विनोदाचेही वर्णन आहे. खांब आणि घोडा एकाच राजवाड्याच्या आवारात होते म्हणायचे. पुढे बराच काळ मल्लखांबाचे नाव फारसे ऐकू येत नाही, आणि मग दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर येतात.

त्यांची गोष्ट तालमीतल्या प्रत्येक पोराला पाठ असते. हैदराबादेकडून अली आणि गुलाब नावाचे दोन पहिलवान पुण्याच्या दरबारात आले. त्यांनी आव्हान दिले आणि ते घ्यायला कोणी पुढे येईना. शेवटी कोवळ्या वयाचे बाळंभट उठले, मुदत मागून वणीच्या सप्तशृंगीला गेले, तिथे झाडांवरची वानरे पाहून त्यांना खांबावरच्या पकडी सुचल्या, आणि परत येऊन त्यांनी अलीला चीत केले. ते बघून गुलाबाने लढायचेच नाकारले. या गोष्टीत माझ्या नात्यागोत्यातली नावे हरतात, पण मला त्याचे काही वाटत नाही. उलट ते दोघे पुण्याला आलेच नसते तर महाराष्ट्राला मल्लखांब परत मिळाला असता का, हा प्रश्न आहे. त्यांच्या नावाने एखादा खांब पुरायला हरकत नाही.

आता त्या खांबाकडे जरा नीट पाहू. शिसवी किंवा सागवानी, खाली जाड आणि वर निमुळता, त्यावर मान आणि मानेवर बोंड. माणसापेक्षा बराच उंच. अंगाला आणि खांबाला एरंडेल लावतात, म्हणजे कातडी सोलवटत नाही आणि पकडही जास्त कमवावी लागते. पहिली शिकवण असते ती अढीची. उडी घेऊन दोन्ही पाय खांबाभोवती टाकायचे आणि मांड्यांनी तो धरायचा. मग हात सोडायचे. डोके खाली, पाय वर, हात मोकळे आणि सगळा देह मांड्यांवर आणि पोटावर तोललेला. एकदा ही अढी जमली की पुढच्या सगळ्या उड्या आणि आसने तिच्यावर उभी राहतात.

बाजीरावाच्या चित्रातले मोकळे हात इथे पुन्हा भेटतात. मांडीच्या आतल्या बाजूला एवढे काम देणारा आणि त्याच वेळी कंबर, पाठ, पोट यांना तोल शिकवणारा दुसरा व्यायाम मला तरी ठाऊक नाही. बैठकांनी मांडी पुढून आणि मागून भरते, जोरांनी छाती आणि खांदे भरतात. आतून धरण्याची ताकद मात्र खांब देतो. तो कुस्तीसाठी उभा केला असेल, पण घोड्यावर बसणाऱ्यालाही तितकाच लागू पडतो.

हे अनुमान नुसते माझे नाही, त्याला एका साक्षीदाराचा आधार आहे. कुलाबा जिल्ह्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते आत शहरात होते. परतल्यावर पुष्कळ वर्षांनी त्यांनी आपली हकिकत लिहिली आणि १९०७ साली ती 'माझा प्रवास' या नावाने छापून आली. भटजी योद्धे नव्हते, त्यामुळे त्यांचे लक्ष लढाईच्या डावपेचांपेक्षा माणसांच्या रोजच्या वागण्याकडे जास्त गेले. राणी लक्ष्मीबाईंचा दिनक्रम त्यांनी नोंदवला आहे. पहाटे उठून आधी मल्लखांबाशी कसरत, मग घोडा मंडळावर धरून फिरवणे. आधी खांब, मग घोडा, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. राज्य चालवणारी बाई रोज पहाटे ज्या क्रमाने अंग तयार करते तो क्रम सोयीखातर पडलेला नसतो.

राणीचे बालपण ब्रह्मावर्तात गेले. १८१८ नंतर दुसऱ्या बाजीरावाला इंग्रजांनी तिथे नेऊन बसवले होते, आणि त्याच्याबरोबर पुण्याच्या तालमीही गंगेकाठी गेल्या. राज्य गेले तरी खांब उभा राहिला. ज्या काळात इंग्लंडमधल्या खानदानी स्त्रिया घोड्यावर दोन्ही पाय एकाच बाजूला टाकून बसत, त्या काळात ही मुलगी पुरुषासारखी मांड टाकून बसायला शिकली. उत्तर हिंदुस्थानात घोड्याची उत्तम परीक्षा असणाऱ्या तिघांत राणीची गणना होत असे, असेही गोडसे लिहितात.

या कसरतीची परीक्षा ४ एप्रिल १८५८ च्या रात्री झाली. झाशी पडली आणि राणी दत्तक मुलाला पाठीशी बांधून वेढ्यातून निसटली. काल्पी तिथून सुमारे दीडशे किलोमीटर, आणि ते अंतर तिने एका दिवस-रात्रीत कापले असे मानले जाते. पुतळ्यांत आणि चित्रांत आपल्याला राणीची उगारलेली तलवार दिसते आणि पाठीवरचे मूल दिसते. एवढ्या दौडीत पाठीवर मुलाचे ओझे असेल तर काय होते याचा विचार करून पाहा. ओझे मागे ओढते, प्रत्येक वळणावर बाजूला कलते, आणि ते सगळे पोटाने आणि कमरेने सावरावे लागते. ही दौड मी तरी त्या पहाटेच्या खांबापासून वेगळी काढू शकत नाही.

राणीची नोंद झाली, कारण पाहणारा लिहिणारा होता. साध्या स्वारांचे काय? सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची व्यवस्था दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. बारगीर म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा, शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येणारा. नालेचा हिशेब आहे, पाण्याचा हिशेब आहे. पण हा बारगीर पोरवयात कोणती कसरत करून तयार झाला ते बखर सांगत नाही. ती गोष्ट सगळ्यांना माहीत होती, म्हणून कोणी लिहिली नाही. बहुतेकांचे शिक्षण गावच्या माळावर, नागव्या पाठीच्या तट्टावर झाले असणार, आणि खोगीर-रिकिबीशिवाय बसायला शिकणे हीच मांडीची पहिली शाळा. पुढे बोथाटीचा खेळ असे. भाल्याच्या टोकाला फाळाऐवजी कापडाचा गोळा बांधायचा आणि भरधाव घोड्यावरून एकमेकांवर चाल करून जायचे. त्यात एक हात भाल्याला गेला, दुसरा लगामाला, आणि घाव चुकवायचा तो कमरेतून वळून. पडला तर हाड मोडायचे, पण जीव वाचायचा.

मग घोडदळ संपले. तोफा आणि पलटणींचे दिवस आले, १८१८ ला पेशवाई गेली, शिलेदारांनी घोडे विकले आणि नांगर धरला. कसरती मात्र राहिल्या. लेझीम घ्या. आज ती गणपतीच्या मिरवणुकीत खुळखुळते. मुळात ती तिरंदाजाची कसरत होती. धनुष्याला दोरीऐवजी लोखंडी साखळी लावून ती ओढायची, खांदे कमवायचे. धनुष्य गेले, साखळीचा नाद राहिला आणि त्यावर आपण पावले टाकायला लागलो. मल्लखांबाचेही तसेच झाले. घोडा गेला, कुस्तीही मातीवरून गादीवर आली, आणि खांब स्वतःच एक खेळ झाला.

तो राहिला याचे श्रेय ज्यांना द्यायला हवे त्यांत बडोद्याचे जुम्मादादा आहेत. हे मुसलमान वस्ताद. त्यांच्या आखाड्याचा वारसा त्यांनी आपल्या लाडक्या शिष्याकडे, माणिकरावांकडे दिला, आणि पुढे राजरत्न म्हणून गाजलेल्या प्रोफेसर माणिकरावांनी त्या जागेला आपल्या गुरूचेच नाव ठेवले, जुम्मादादा व्यायाममंदिर. वस्ताद आणि पठ्ठ्या यांच्यामध्ये लाल मातीशिवाय तिसरे काही नसते हे मी लहानपणी तालमीच्या दारात उभा राहून पाहिलेले आहे, तेव्हा मला या गोष्टीचे नवल वाटत नाही. त्याच बडोद्यात द. चिं. मुजुमदारांनी 'व्यायामज्ञानकोशा'चे दहा खंड काढले. आपल्याकडच्या जुन्या कसरतींची एवढी मोठी नोंद दुसरीकडे नाही. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचा चमू बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने जर्मनीला गेला आणि तिथल्या लोकांना त्याने आपले देशी खेळ दाखवले. याच बर्लिनमध्ये सव्वाशे वर्षांपूर्वी, १८११ साली, यान नावाच्या शिक्षकाने उघड्या मैदानावर लाकडी घोडे मांडून तरुणांना उड्या मारायला शिकवले होते. उभा खांब आडव्या घोड्याच्या गावी गेला होता, पण दोघांचे गोत्र जुळते हे तेव्हा कोणाच्या ध्यानात आले असेल असे वाटत नाही.

२०१९ साली मुंबईत शिवाजी पार्कला मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. परदेशी मुले-मुली अढी घालून हात सोडताना पाहिली, हे चांगलेच झाले. घोडेस्वारीतही आपले बरे चालले आहे. १९८२ च्या दिल्लीच्या आशियाई खेळांत रघुबीर सिंग यांनी सुवर्णपदक आणले होते. त्यानंतर तब्बल एक्केचाळीस वर्षांनी, २०२३ मध्ये चीनमधल्या हांगचौला ड्रेसाजच्या सांघिक स्पर्धेत भारताला सुवर्ण मिळाले. त्या चौघांत मुंबईचा हृदय छेडा होता. ड्रेसाज म्हणजे घोड्याला चालींवर नाचवणे, आणि त्यात स्वाराने काही करतो आहे असे दिसताच कामा नये. सगळा हुकूम कंबर आणि मांड्यांतून जातो. पाहणाऱ्याला वाटते, हा नुसता बसला आहे!

आणि हो, आपला भीमथडीचा घोडा. भीमेच्या काठचे हे आटोपशीर, काटक जनावर, ज्याच्या जोरावर मराठे अटकेपर्यंत गेले, ते कित्येक वर्षे धनगरांच्या कळपांबरोबर ओझी वाहत राहिले. २०२४ च्या सुरुवातीला स्वतंत्र जात म्हणून त्याची सरकारी नोंद झाली. उंचीला लहान, त्यामुळे पाठही लहान. त्याच्यावर आदळत बसणारा स्वार त्याला परवडणारा नाही.

व्हिएन्नाला स्पॅनिश रायडिंग स्कूल नावाची जगातली फार जुनी अश्वशाळा आहे. तिथे नव्या विद्यार्थ्याला सुरुवातीचे कित्येक महिने लगामही देत नाहीत आणि रिकीबही देत नाहीत. शिक्षक मध्ये उभा राहून लांब दोरीने घोडा गोल फिरवत असतो आणि विद्यार्थी हात मोकळे ठेवून नुसता बसायला शिकतो. याला मराठीत काय म्हणायचे ते विष्णुभटांनी लिहून ठेवले आहे, घोडा मंडळावर धरणे. आपल्याकडच्या अश्वशाळांत हल्ली मुलांना रबरी चेंडूवर बसवून पोटाचा व्यायाम देतात. द्यावा. पण पुण्या-मुंबईत, सातारा-कोल्हापुरात अशा अश्वशाळेपासून हाकेच्या अंतरावर एखादी तालीम असतेच, आणि तिच्या कोपऱ्यात एरंडेलाने काळा पडलेला खांब उभा असतो.